आ करा

तोंड उघडायला सांगितलं की माणूस आधी हसतो. पोट दाखवताना तो हसत नाही, जखम दाखवताना हसत नाही, लघवीची नळी घालायची वेळ आली की भिंतीकडे बघत राहतो. पण 'आ करा' म्हटलं की ओशाळवाणं हसू फुटतंच. बाई असेल तर पदर तोंडावर जातो. गडी असेल तर "आता काय राह्यलंय त्यात, सिस्टर" म्हणतो. त्या हसण्यातच निम्मी तपासणी उरकून घ्यायची मला सवय लागली आहे. पुढचे दात कितपत हलतात, हिरड्या कुठं सुजल्यात, जबडा किती उघडतो, कवळी आहे का, आणि असल्यास ती आहे हे सुनेसमोर कबूल करायची बाबांची तयारी आहे का.

शस्त्रक्रियेच्या आदल्या संध्याकाळची आमची कामं ठरलेली असतात. संमतीपत्रावर सही, जागेवरचे केस काढणं, लागत असेल तर एनिमा, रक्तपेढीत चिठ्ठी पाठवणं. बांगड्या, जोडवी, मंगळसूत्र उतरवून नातेवाइकांच्या हाती देणं आणि वहीत त्यांचा अंगठा घेणं. या सगळ्यात तोंडाच्या वाट्याला एक ओळ येते: कवळी काढली, हो किंवा नाही. नगर जिल्ह्यात सर्जरीच्या वॉर्डात आणि अतिदक्षता विभागात मी नोकरी करत आले आहे. (कागदावर आता अहिल्यानगर झालं, पण एसटीत बसलेला माणूस अजून नगरचंच तिकीट मागतो.) तिथं राहून माझं एक मत पक्कं झालं. ऑपरेशनमध्ये तोंड कुणाचंच नसतं. सर्जनला पोट दिसतं. भूलतज्ज्ञांना तोंड दिसतं, पण नळी आत जाण्याची वाट म्हणून. दातांचे डॉक्टर दुसऱ्या इमारतीत, किंवा आठवड्यातून एकदा येणारे. मग ते काम सिस्टरकडं येतं, सिस्टरकडून वॉर्डातल्या मावशींकडं सरकतं, मावशी ते नातेवाइकांवर सोडतात, आणि नातेवाईक म्हणतात, "डॉक्टरांनी तोंडात काही घालायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

पोटाचं ऑपरेशन झालेल्या माणसाला चौथ्या दिवशी ताप चढतो, धाप लागते, एक्स-रेत फुप्फुसाच्या तळाशी पांढरं दिसतं. नातेवाईक विचारतात, "ऑपरेशन पोटाचं केलं, मग छातीत कसं शिरलं?" प्रश्न रास्त आहे. पुष्कळदा ते तोंडातून शिरलेलं असतं. आपल्या तोंडात सातशेच्या आसपास जातींचे जिवाणू नांदतात आणि रोज अर्धा ते दीड लिटर लाळ पाझरते. झोपेत त्यातला थेंबभर श्वासनलिकेत उतरतो. धडधाकट माणूस तो खोकून टाकतो, त्याला जागही येत नाही. ऑपरेशननंतर मात्र सगळंच उलटं होतं. भुलीच्या आणि वेदनेच्या औषधांनी घसा सुस्त असतो. बरगड्यांखाली चीर असेल तर खोकायच्या आधीच माणूस पोटावर हात दाबून थांबतो. श्वास वरवरचा, फुप्फुसाचा तळ मिटलेला. उपासामुळं आणि नाकातल्या ऑक्सिजनमुळं लाळ आटते, आणि जिला आपण नुसती थुंकी म्हणतो ती लाळच तर तोंड दिवसभर धूत असते. ती आटली की दातांवरचा थर दाट होतो. अतिदक्षता विभागात तर दोन-तीन दिवसांत तोंडातली वस्तीच बदलते. एरवी आतड्यात राहणारे दांडगे जिवाणू घशात मुक्काम ठोकतात. व्हेंटिलेटरच्या नळीला श्वासनलिकेत एक फुगा असतो, तो फुगवला की वाट बंद होते असं वाटतं. वाट पूर्ण बंद होत नाही. फुग्याच्या वर साचलेली घाण कडेनं झिरपत राहते. ती घाण किती विषारी असावी, एवढं मात्र आपल्या हातात असतं.

आणि आमच्या भागातली तोंडं आमच्याकडं येतात तीच मुळात बरंच काही सोसून.

बायकांपासून सुरुवात करते. नगर जिल्ह्यातल्या वयस्कर बाईला "दात घासून या" म्हटलं तर ती मिश्री लावून येते. तिच्या हिशेबी ते दात घासणंच आहे. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची, डबीत भरायची आणि बोटानं हिरड्यांवर चोळत ओट्यावर बसायचं. त्या अर्ध्या तासात बाईला कुणी काम सांगत नाही, हेही मिश्रीचं एक सुख आहे. ते मी नाकारणार नाही. पण ऑपरेशनच्या दिवशी पहाटे, 'काही खायचं-प्यायचं नाही' हा नियम कडकपणे पाळून, आजी न्हाणीत मिश्री लावतात. आणि टेबलावर भूलतज्ज्ञांना नाडी का पळतेय ते कळत नाही. डबी कनवटीला असते. मागितली तर देत नाहीत. "मिश्री लावल्याबिगर परसाकडं व्हत न्हाई वं" हे कारण तर असं बिनतोड की ऑपरेशननंतर आम्ही ज्या एका गोष्टीची वाट बघत असतो तिच्यावरच त्यांनी हात ठेवलेला असतो. मी वाद घालत नाही. टाके निघेपर्यंत डबी माझ्या कपाटात ठेवू, असा करार करते. करार मोडला जातो. मधल्या काळात मऊ ब्रश हाती आला तर बघावा.

पुरुषांची गोष्ट वेगळी. संगमनेर-अकोल्याकडं आणि नगर शहरातही विडीचा धंदा जुना आहे. वळणाऱ्या बहुतेक बायका, ओढणारे बहुतेक पुरुष. पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडचे ऊसतोडीचे कोयते दिवाळीनंतर गाव सोडतात. हर्निया असो, मूळव्याध असो, बाईचं अंग बाहेर येत असो, उचल घेतलेली असते, मुकादम उभा असतो, तेव्हा सगळं दुखणं कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडेपर्यंत मागं ढकललं जातं. पट्टा पडला की आमचे वॉर्ड भरतात. त्या तोंडांत सहा महिन्यांची तंबाखू-चुन्याची कमाई असते. फडात पाण्याचा ड्रम एकच, त्यातून दात घासायला कोण पाणी काढणार?

सगळ्यात अवघड तोंड मात्र तरण्या पोरांचं. सुपारी आणि गुटखा खाऊन गालाच्या आतलं मऊ अस्तर चिवट होतं, पांढरं पडतं, जबडा उघडेनासा होतो. आमच्याकडं मोजमाप बोटांचं: स्वतःची तीन बोटं उभी धरून दातांमध्ये शिरली पाहिजेत. पंचविशीतल्या पोराचं एकच बोट शिरतं, तेव्हा अपेंडिक्सचं साधं ऑपरेशन साधं राहत नाही. भूल देण्याआधी तोंड उघडून, जीभ बाहेर काढायला लावून घसा कितपत दिसतो ते बघतात आणि त्याला एक ते चार असा दर्जा देतात. ही मोजणी शेषगिरी राव मल्लमपट्टी या आपल्याकडून अमेरिकेत गेलेल्या भूलतज्ज्ञांच्या नावानं जगभर ओळखली जाते. त्यांनी तिचं मूळ रूप १९८५ साली मांडलं. चार नंबरचा घसा आणि एक बोट जबडा असला की भूलतज्ज्ञ नाकातून दुर्बिणीनं नळी घालायची तयारी करतात, पोरगं जागं असताना. महाराष्ट्रानं गुटख्यावर जुलै २०१२ मध्ये बंदी घातली. त्यानंतर एका पुडीच्या दोन झाल्या, सुपारीची वेगळी आणि तंबाखूची वेगळी. पोरं त्या तळहातावर एकत्र करतात.

हलणारे दात ही आणखी एक चिंता. नळी घालताना लागणारं लॅरिंगोस्कोपचं पातं वरच्या पुढच्या दातांच्या अगदी जवळून जातं. दात निसटून श्वासनलिकेत गेला तर पोटाचं राहील बाजूला आणि छातीची दुर्बीण मागवावी लागेल. म्हणून आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक पुढचा दात बोटानं हलवून बघते आणि फाइलवर लाल शाईनं लिहिते. फारच डुलत असेल तर तो आधी काढून घेतात. नाहीतर त्याला रेशमी दोरा बांधून दोऱ्याचं टोक गालाला चिकटपट्टीनं लावतात, म्हणजे पडलाच तर ओढून काढता येतो. या उपायावर माझा भारी जीव आहे. एवढी यंत्रं असलेल्या खोलीत एक दोरा काम करतो.

कवळीचं दुखणं मानाचं असतं. नवऱ्याची कवळी बायकोलाही माहीत नसलेली घरं मी पाहिली आहेत. पडदा ओढायचा, बाकीच्यांना बाहेर पाठवायचं, झाकणाची डबी पुढं करायची आणि आपण दुसरीकडं बघायचं. डबीत पाणी, डबीवर नाव. उशीखाली किंवा चादरीत ठेवलेली कवळी धोब्याकडं जाते आणि परत येत नाही. ऑपरेशननंतर ती लवकर परत द्यावी, कारण कवळीशिवाय माणूस नीट बोलत नाही, नीट चावत नाही आणि भेटायला आलेल्यांना तोंड दाखवत नाही. रात्री मात्र पुन्हा डबीत. तोंडात ठेवून झोपलं की तिच्याखाली बुरशी धरते.

आता मूळ कामाकडं येते. शिकत होते तेव्हा तोंडाची निगा हा परीक्षेतला मार्क देणारा प्रश्न होता. ट्रेमध्ये मॅकिंटॉश, टॉवेल, दोन वाट्या, आर्टरी फोर्सेप्स, गॉजचे तुकडे, स्पॅच्युला, किडनी ट्रे, आणि शेवटी बोरोग्लिसरीन. फोर्सेप्सला गॉज गुंडाळायचं, सोड्याच्या पाण्यात बुडवायचं, दातांवरून फिरवायचं, ओठांना आणि जिभेला ग्लिसरीन लावायचं. दिसायला ते अगदी देखणं असायचं. पुढं कळलं की ग्लिसरीन पाणी ओढून घेतं आणि आधीच कोरडं तोंड आणखी कोरडं करतं. गॉजनं तोंड ओलं होतं, चिकटलेला थर निघत नाही.

मग औषधाच्या बाटलीचे दिवस आले. १९९६ साली अमेरिकेत हृदयाच्या ऑपरेशनच्या ३५३ रुग्णांवर एक अभ्यास झाला. क्लोरहेक्झिडिननं तोंड धुतलेल्यांना श्वसनमार्गाचा संसर्ग बराच कमी झाला, असं त्यात दिसलं. तिथून ती बाटली जगातल्या बहुतेक अतिदक्षता विभागांत पोचली, आमच्याकडंही आली. ती सगळ्यांना आवडायचं कारण उघड आहे. ओतायची, गॉजनं फिरवायची, चार्टवर खूण करायची. दोन मिनिटांचं काम. दात तपकिरी पडायचे, जिभेची चव जायची, पण चार्ट भरलेला असायचा. पुढं २०१४ मध्ये जुने अभ्यास पुन्हा तपासले गेले. हृदयाच्या ऑपरेशनमध्ये फायदा दिसला, बाकीच्या व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत तो स्पष्ट दिसेना. उलट मृत्यू थोडे वाढतात की काय अशी शंका आली. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या संसर्ग-नियंत्रणाच्या मार्गदर्शक सूचनांनी व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांसाठी ही बाटली बाजूला ठेवायला सांगितलं आणि आवश्यक गोष्टींच्या यादीत लिहिलं: ब्रशनं दात घासणं.

करपलेल्या पातेल्यात साबणाचं पाणी कितीही वेळ ठेवलं तरी शेवटी घासणी घ्यावीच लागते, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. दातावरचा थर तसाच. तो जिवाणूंनी स्वतःभोवती विणलेला असतो, औषध वरून निघून जातं. २०२३ च्या अखेरीस पंधरा चाचण्या आणि दहा हजारांहून अधिक रुग्ण एकत्र करून केलेला एक आढावा आला. रोज ब्रश केलेल्यांत रुग्णालयात होणारा न्यूमोनिया सुमारे एक-तृतीयांश कमी, व्हेंटिलेटरवरचे दिवस कमी, अतिदक्षता विभागातले मृत्यूही कमी. माझ्या उपयोगाची ओळ त्यात निराळीच होती: दिवसातून दोनदा घासलं काय आणि तीन-चारदा घासलं काय, फरक विशेष नाही. तीस खाटांना दोन सिस्टर असलेल्या वॉर्डात ही ओळ फार मोलाची आहे.

बेशुद्ध माणसाचे दात घासणं हे कौशल्याचं काम आहे आणि ते कुणी बघत नाही. डोकं तीस अंशांनी तरी वर. मान एका कुशीला. तोंडातलं पाणी ओढून घेणारं सक्शन आधी चालू करून बघायचं, मगच तोंडाला हात लावायचा. ब्रश लहान मुलाचा, मऊ, डोकं नखाएवढं. पेस्ट जवळजवळ नकोच, फेस झाला की तो घशात जातो. पाणी इतकंच की ब्रश ओला राहावा. डाव्या हाताच्या तर्जनीनं गाल बाहेर ओढायचा. बोट दातांच्या मध्ये कधीच नाही, बेशुद्ध माणूसही चावतो आणि जोरात चावतो. हिरडीकडून दाताच्या टोकाकडं, एकेक दात. नळी ज्या कोपऱ्यात बांधलेली असते तो कोपरा हमखास राहून जातो, म्हणून मी तिथूनच सुरुवात करते. मग टाळू, मग जीभ, मागून पुढं. जिभेच्या मुळाशी गेलं की उबळ येते, तिथं हात थांबतो. रक्त पातळ करायचं औषध चालू असेल तर हात आणखी हलका. शेवटी सक्शन, आणि ओठांना पाण्यात विरघळणारं जेल. नातेवाईक साजूक तुपाची वाटी आणतात. ओठाला बोटाच्या टोकानं लावा म्हणते, ऑक्सिजन चालू नसेल तेव्हा. आत घालू देत नाही, तूपही फुप्फुसात उतरतं.

घासताना मी बोलते. नाव घेऊन, काय करते ते सांगते. "बाबा, आता वरच्या बाजूला येते हं." बेशुद्ध माणूस ऐकतो की नाही यावर डॉक्टरांनी वाद घालावा. न सांगता कुणाच्या तोंडात हात घालणं मला जमत नाही, इतकंच.

शुद्धीवर आलेला माणूस पहिल्यांदा काय मागतो? पोर नाही, बायको नाही. पाणी. "घोटभर द्या की वं, सिस्टर." दुखतंय असं तो त्यानंतर सांगतो. घोट द्यायचा नसतो, आतड्यानं अजून डोळे उघडलेले नसतात. या तहानेवर सलाइनची बाटली काही करत नाही, रक्तात पाणी पुरेसं असतं, कोरडं असतं ते तोंड. थंड पाण्यात बुडवून पिळलेलं गॉज, जिभेवर बर्फाचा बारीक खडा, आणि ब्रश. दात घासून झाल्यावर तहान उतरल्याचं पेशंट स्वतः सांगतात. ऑपरेशनआधीच्या तहानेचं तर आणखीच. 'रात्री बारानंतर काही नाही' ही आमच्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची आज्ञा आहे. साधं पाणी भुलीच्या दोन तास आधीपर्यंत चालतं, असं आता भूलतज्ज्ञांच्याच संघटना सांगतात. पण ऑपरेशन थिएटरच्या यादीत आपला नंबर सकाळी आठचा की दुपारी दोनचा हे कुणालाच नक्की ठाऊक नसतं, म्हणून सगळ्यांनाच बारापासून कोरडं ठेवतात. निदान चूळ भरून थुंकायला आणि दात घासायला कधीही बंदी नव्हती, एवढं तरी सकाळी सहाला ओरडून सांगावं लागतं.

मध्यंतरी एका सर्जननी फाइलवर चक्क च्युइंग गम लिहिलं. चावलं की मेंदूला वाटतं जेवण आलं, लाळ सुटते, आतडं हलू लागतं, वायू लवकर सरतो. जपानमध्ये २००२ साली आतड्याच्या ऑपरेशननंतर हे करून पाहिलं आणि ते जगभर पसरलं. आता रुग्णांना लवकर उठवून लवकर खायला देतात, तेव्हा गमचा वेगळा फायदा फारसा उरत नाही असंही दिसतं. आमच्या वॉर्डात या प्रयोगाचा निकाल वेगळाच लागला. आजींनी ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, "चावायचंच हाय ना? मग सुपारीचं खांड द्या."

दात नसलेल्यांचं काय, हा प्रश्न नातेवाईक नेहमी विचारतात. जपानमधल्या अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षं एक साधी गोष्ट केली गेली: अर्ध्या वृद्धांचं तोंड रोज नीट घासलं, अर्ध्यांचं नेहमीसारखं सोडलं. दुसऱ्या गटात १९ टक्क्यांना न्यूमोनिया झाला, पहिल्यात ११ टक्क्यांना. हे १९९९ मध्ये छापून आलं. दात असलेल्यांना फायदा झाला तसा बोळक्यांनाही. हिरड्या, जीभ, टाळू यांवर थर बसतोच. त्यामुळं "आता काय राह्यलंय त्यात" याला माझ्याकडं उत्तर आहे.

तोंडाकडं सगळ्यांनी एकदम वळून पाहिलं ते २०२१ च्या मे महिन्यात. कोविडची दुसरी लाट ओसरत होती आणि म्युकरमायकोसिसचे रुग्ण येऊ लागले. साखरेचा आजार आणि स्टिरॉइड, या दोन्हींच्या आधारानं बुरशी नाकाच्या पोकळीतून टाळूत, जबड्यात, डोळ्यात चढायची. सुरुवात कित्येकांची दातापासून. वरचा दात दुखतोय, हलतोय, गाल जड वाटतो, टाळूला काळा डाग आहे. ॲम्फोटेरिसिनची इंजेक्शनं मिळत नव्हती, नातेवाईक पुण्या-मुंबईला फोन लावून रडत होते. वरचा जबडा अर्धा-पाऊण काढलेली माणसं वॉर्डात आली. टाळूच्या जागी भोक, पाणी प्यायलं की नाकातून बाहेर. त्या पोकळीतल्या खपल्या काढणं, सलाइननं धुणं, बेटाडिनचं गॉज बदलणं, पुन्हा सगळं आरशात त्यांना दाखवणं, कारण घरी गेल्यावर हे त्यांनाच करायचं होतं. पुढं दातांच्या डॉक्टरांनी मापं घेऊन टाळू झाकणारी पट्टी बनवून दिली की माणूस पुन्हा कळेल असं बोलायचा. सर्जन, कान-नाक-घसा, डोळे, दात, सगळे एका खाटेभोवती उभे राहिलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. एरवीही तसं व्हावं असं वाटत राहिलं. आमच्या जिल्ह्यात लोणीला प्रवरा संस्थेच्या एकाच आवारात वैद्यकीय आणि दंत अशी दोन्ही महाविद्यालयं आहेत. तालुक्याच्या गावातल्या वीस खाटांच्या दवाखान्याला ते सुख कुठून? हृदयाची झडप बदलायची असो की घशाच्या कॅन्सरला शेक द्यायचा असो, आधी दातांची तपासणी करून किडके दात काढून घ्या, असं मोठ्या ठिकाणी सांगतात, झडपेच्या बाबतीत कारण असं की किडलेल्या दातातून जिवाणू रक्तात उतरून नव्या झडपेवर घर करतात. हर्नियाच्या माणसाला हे कुणी सांगत नाही. त्याला सांगायचीही तितकी गरज नाही, पण पोटाच्या वरच्या भागातल्या मोठ्या ऑपरेशनला आहे.

जपाननं एप्रिल २०१२ पासून ऑपरेशनच्या आधी आणि नंतर दंतवैद्याकडून तोंडाची निगा राखण्याचे पैसे सरकारी विम्यातून द्यायला सुरुवात केली. कॅन्सरच्या मोठ्या ऑपरेशनच्या पाच लाखांवर रुग्णांचा हिशेब तिथं २०१८ मध्ये मांडला गेला: निगा राखलेल्यांत न्यूमोनिया ३.२८ टक्के, न राखलेल्यांत ३.७६, महिन्याभरातले मृत्यू ०.३० आणि ०.४२. फरक बारीक दिसतो. वॉर्डात उभं राहून तो दिसणारही नाही, लाखांचा हिशेब मांडल्यावरच दिसतो. आपल्याकडं त्याच २०१२ च्या जुलैत जीवनदायी योजनेचा पहिला टप्पा आठ जिल्ह्यांत सुरू झाला, आता ती महात्मा फुलेंच्या नावानं चालते. गरिबाचं मोठं ऑपरेशन त्यामुळं होऊ लागलं, हे मी रोज बघते. त्या फाइलीत ऑपरेशनआधी दात साफ केल्याची पावती लावलेली मी अजून पाहिलेली नाही.

तेव्हा राहिला नातेवाईक. मला वाटतं, आपल्याकडं खरी ताकद तिथंच आहे, परदेशातल्या अतिदक्षता विभागांना ती मिळत नाही. खाटेखाली चटई टाकून बसलेलं माणूस चोवीस तास मोकळं असतं आणि काहीतरी करायला आसुसलेलं असतं. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० पासून जे काम उभं केलं त्याचा पायाच हा होता की अक्षरओळख नसलेली गावातली बाई, नीट शिकवली तर, आरोग्याचं काम पेलते. १९७९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा जगानं हे मान्य केलं. मी त्यातला एक तुकडा उचलला. दात घासणं अर्ध्या तासात शिकवता येतं. शुद्धीत असलेला, गिळता येणारा पेशंट नातेवाइकांकडं; व्हेंटिलेटरवरचा सिस्टरकडंच.

अडचण कौशल्याची येत नाही, उष्ट्याची येते. सासूचं अंग पुसणारी, बेडपॅन देणारी सून तोंडात हात घालताना थबकते. मुलगे तर पाय दाबतील, रात्रभर जागतील, पण आईचे दात घासायला सांगितलं की बायकोकडं बघतात. पाथर्डीकडचा एक ट्रकवाला होता, चांगला दांडगा. आईच्या आतड्याचं ऑपरेशन झालेलं. बहिणी नव्हत्या, बायको लेकरांपाशी गावी. त्याला म्हटलं, तुझ्या दाताला पहिल्यांदा ब्रश तिनंच लावला असेल. तो म्हणाला, "तिनं राखुंडी लावली व्हती." पण हातमोजे घालून आला. इतक्या हलक्या हातानं घासलं त्यानं की मी शिकाऊ मुलींना बघायला उभं केलं. आई डोळे मिटून, कपाळाला आठ्या घालून बसलेली, आणि दोघांपैकी कुणी कुणाकडं बघत नव्हतं.

सध्याची व्यवस्था अशी आहे. भरती होताना जी यादी सांगतो, दोन चादरी, तांब्या, वाटी, मग, तिच्यात लहान मुलाचा मऊ ब्रश घातला आहे. फाटकासमोरचा औषधवाला आता ते टांगूनच ठेवतो, त्यामुळं सत्तर वर्षांच्या बाबांच्या हाती अस्वलाचं चित्र असलेला ब्रश येतो. स्टोअरमधून ब्रश मागवले तेव्हा ते कुठल्या खात्यात दाखवायचे यावर बरेच दिवस फाइल फिरली. औषधात बसेनात, यंत्रसामग्रीत बसेनात. वेळा दोनच ठेवल्या, सकाळी सहा आणि रात्री आठ, म्हणजे दोन्ही पाळ्यांच्या तोंडावर, आणि दोन्हींना एकेक वाटणी. चार्टवर खूण असायची, तोंडं मात्र तशीच दिसायची. म्हणून मी राउंडला ब्रश ओला आहे का ते बोटानं बघू लागले. महिना बरा गेला. मग रात्रपाळीच्या एका ब्रदरनं सगळे ब्रश एकदम नळाखाली धरायला सुरुवात केली. तेव्हापासून ब्रश बघत नाही; टॉर्च घेऊन नळी बांधलेल्या बाजूची शेवटची दाढ बघते.